हॉलमधला टेकू

मी सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे वाळूजच्या एका कारखान्यात लोकांना पडू न देण्याबद्दल मला पगार मिळतो. शिडी चढताना एका वेळी एकच हात सोडा, ओल्या फरशीवरून पळू नका, भार कशावर टाकताय ते आधी बघा, असं मी रोज सकाळी गेटजवळ उभी राहून सांगते. कामगार माना डोलावतात आणि मी वळले की हसतात. त्यांचं बरोबर होतं हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण आमच्या कारखान्याच्या भिंतीवर लावायला हवी आणि खाली माझा फोटो.

गोष्ट एका पोलची आहे. डान्सचा पोल. घरात फरशीपासून छतापर्यंत उभा करायचा, चकचकीत स्टीलचा, ज्यावर चढून, लटकून, गोल फिरून नाचतात तो. माझं वय शेहेचाळीस, वजन विचारू नका, आणि उजवा खांदा गेल्या वर्षी असा धरला होता की केस विंचरायला नवऱ्याला बोलवावं लागायचं. अशा बाईच्या घरात पोल कसा आला, हे आधी सांगायला हवं.

तो माझा नव्हताच. माझी मुलगी सई पुण्यात नोकरी करते. तिथं तिनं पोलचा क्लास लावला आणि सरावासाठी भाड्याच्या खोलीतच एक बसवला. घरमालकिणीनं तो पाहिला आणि पोल किंवा खोली यातलं एक काय ते ठरव म्हणाली. पुण्यात खोली मिळणं कठीण, म्हणून पोल आमच्याकडं आला, लांबट खोक्यात, तुकड्यातुकड्यांनी. "आई, माळ्यावर टाकून दे. मी फ्लॅट घेतला की नेईन," सई म्हणाली. पुण्यात फ्लॅट म्हणजे माझ्या नातवाच्या मुंजीपर्यंत तो माळ्यावरच राहणार होता.

मी खरंच टाकणार होते. फक्त त्याआधी सगळे भाग आलेत का एवढं बघावं म्हणून खोकं उघडलं. भाग बघितले, मग जोडून बघितले, मग उभा करून बघितला. शंतनू, म्हणजे माझा नवरा, कॉलेजातून घरी आला तेव्हा मी हॉलच्या मधोमध पोलभोवती ओळंबा धरून फिरत होते. शंतनू रसायनशास्त्र शिकवतो. काहीही झालं तरी तो आधी थोडा वेळ नुसता बघतो.

"माळ्यावर टाकणार होतीस ना?" बघून झाल्यावर त्यानं विचारलं.

"सरळ उभा राहतो का बघतेय."

"आणि राहिला तर?"

मी ओळंबा दुसऱ्या बाजूला धरला.

बसवण्यात मात्र मी कसूर केली नाही. या पोलला छतात स्क्रू मारत नाहीत. वर एक चकती, खाली एक चकती, आणि तळाशी आटे. आटे फिरवले की पोल लांबतो आणि छत नि फरशी यांच्यामध्ये ताणून घट्ट बसतो. त्यामुळे वर अस्सल स्लॅब हवा. पीओपीचं छत असलं तर पोल ते फोडून वर जातो आणि आपण खाली येतो. आमच्या हॉलला पीओपी नाही, कारण त्यात पाली संसार थाटतात अशी शंतनूची खात्री आहे. मी छत ठोकून आवाज ऐकला, पोल चारी बाजूंनी ओळंब्यात घेतला, चकत्यांखालची धूळ पुसली, आटे पिळले, दोन्ही हातांनी धरून हलवला, अंगाचा भार टाकून ओढला आणि खाली जुन्या गाद्या अंथरल्या. तळाशी एक कळ होती. ती सोडली की अख्खा पोल स्वतःभोवती गरगर फिरतो म्हणे. तिला मी हात लावला नाही. हे सगळं सईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू चढणार आहेस की काय?"

"छे गं, काहीतरीच तुझं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चढले. चढले म्हणजे वीतभर वर गेले आणि सलवारीसकट घसरत खाली आले. पोलवर नाचणाऱ्या मुली तोकडे कपडे का घालतात हे मला तेव्हा कळलं. कापड स्टीलवरून घसरतं, कातडी धरून राहते. तोवर मला वाटायचं, उकडत असेल. मग सईची शाळेतली हाफ पँट कपाटाच्या तळातून निघाली. रोज कारखान्यातून आले की दार लावायचं, पडदे ओढायचे आणि चढायचं. हळूहळू जमायला लागलं. धरलेला खांदा सुटला. पुढं तर गुडघ्याच्या मागे पोल अडकवून उलटं लटकायलाही आलं. उलटं लटकलं की आमचा हॉल फार छान दिसतो. सगळा पसारा वर जातो आणि मोकळं पांढरं छत पायाखाली येतं. वजन काट्यावर तसूभर हललं नाही, पण मला आनंद व्हायचा. या वयात एवढं साधं वाक्य म्हणायलाही लाज वाटते, पण व्हायचा.

तेव्हा सासूबाई घरी नव्हत्या. यमुनाबाई त्यांचं नाव. मुक्काम पिशोरला, धाकट्या दिरांकडं. पण गेल्या पावसाळ्यानं तोंड फिरवलं आणि संक्रांतीलाच तिथली विहीर तळाला गेली, तेव्हा दिरांनी त्यांना आमच्याकडं आणून सोडलं. शहरात पाणी असतं असा गावाकडं एक गोड गैरसमज आहे. आम्ही राहतो हर्सूलच्या पुढं, जेलच्याही पलीकडं. इमारतीचं नाव 'लेक व्ह्यू'. बांधली तेव्हा गच्चीवरून तलाव दिसायचा. आता तलावाच्या जागी तडकलेली माती दिसते आणि चहूबाजूंनी नव्या इमारती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नळाला आठवड्यानं पाणी येतं, तेही रुसून. बाकी सगळं टँकरवर.

सासूबाईंनी दारात चपला काढल्या, मान वर केली आणि पोल पाहिला.

"हे काय गं? खांब कशाला उभा केलास इथं?"

मल्लखांब म्हणता आलं असतं. व्यायामाचा आहे म्हणता आलं असतं. सईचं सामान आहे, हे तर चक्क खरंच होतं. पण ज्यांनी आयुष्यात कधी पदर ढळू दिला नाही त्या बाई समोर उभ्या, आणि माझ्या डोळ्यांपुढं ती हाफ पँट. तोंडातून निघालं, "टेकू आहे, आई. स्लॅबला."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण हाडाची सेफ्टी ऑफिसर पडले ना. "आपला मजला सगळ्यात वरचा. उन्हानं स्लॅब तापतो, म्हणून आधार दिलाय. चार टन भार पेलतो."

चार टन कुठून आले ते मला माहीत नाही. खोटं बोलताना माणसानं आकडा सांगू नये. बाकीचं लोक विसरतात, आकडा विसरत नाहीत.

सासूबाईंनी पुढं होऊन पोलला हात लावला आणि तो कपाळाशी नेला. "घर सांभाळ रे बाबा," त्या म्हणाल्या. शंतनू स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ पीतच राहिला.

दुसऱ्या सकाळपासून हळदीकुंकू सुरू झालं. आमच्या घरात पूर्वी भिक्षुकी होती. नवी मेढ उभी राहिली की तिला हळदीकुंकू लावल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही, मग मांडव असो की गोठा. घर पेलणाऱ्या खांबाला तसंच ठेवणं सासूबाईंना कसं जमणार? देवपूजा आटोपली की खोबरेल तेलात कालवलेली हळद आणि कुंकू, दोन बोटं भरून, पोलवर. बरोबर तिथं, जिथं माझी मुख्य पकड असायची.

पहिल्या संध्याकाळी मला याचा पत्ता नव्हता. मी जोरात वर गेले आणि त्याहून जोरात खाली आले. गादी होती म्हणून हाड वाचलं, तरी पुढं दोन दिवस कारखान्यात मला खुर्चीवर टेकता आलं नाही. उभ्यानंच भाषण दिलं, विषय होता निसरडे पृष्ठभाग. मग क्रमच ठरला. संध्याकाळी सासूबाई मारुतीच्या देवळात गेल्या की मी पोल स्पिरिटनं पुसायचा आणि चढायचं. सकाळी त्यांनी पुन्हा तेल लावायचं.

"रोज हे पुसतं कोण गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"आशाबाई पुसत असतील," मी बेधडक म्हणाले. आशाबाई आमच्याकडं धुणीभांडी करतात. त्यांना सासूबाईंनी चार शब्द सुनावले. आशाबाईंनी माझ्याकडं फक्त बघितलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या चहात साखर वाढवली, जणू त्यानं काही फिटणार होतं.

आमच्या खाली तात्यासाहेब आणि सारजाबाई राहतात. लासूर स्टेशनला त्यांची शेती आहे आणि मोंढ्यात आडत. तात्यासाहेब सोसायटीचे चेअरमन. सारजाबाई संक्रांतीच्या वाणाला वर आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना टेकू दाखवला, चार टनांसकट. दुसऱ्या दिवशी खुद्द तात्यासाहेब आले आणि पोलवर दोन थापा मारून म्हणाले, "लई मजबूत काम केलं, मॅडम. शिक्षण असावं तर असं." मी विनयानं मान खाली घातली. ती वर करून खरं सांगायची वेळ तीच होती, पण कौतुक कुणाला नको असतं?

शिवरात्रीच्या सुमारास टँकरचं पाणी साठवायला गच्चीवर आणखी एक टाकी आली, हजार लिटरची. ती बरोबर आमच्या हॉलवर ठेवली. तात्यासाहेबांनी मला रीतसर विचारलं होतं. मी हो म्हणाले. खाली टेकू असलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

तेव्हापासून पोलला लहरी यायला लागल्या. टँकर येऊन गेला की घट्ट, चार दिवसांनी सैल. मी आटे पिळायचे, टँकरच्या दिवशी फार गच्च म्हणून थोडे सोडायचे, की पुन्हा सैल. मी सईला फोन करून झापलं, कसला पोल घेतलास, आटेच धड नाहीत. ती म्हणाली की पुण्यात कधी सैल झाला नाही. मी म्हणाले की पुण्यातल्या सगळ्याच गोष्टींचं असं असतं. रोज चढण्याआधी पोल हलवून बघायचा, हा नियम मी काटेकोर पाळत होते. तो हलतो का, हे बघत होते. का हलतो, हे बघायला एकदा मान वर करावी लागली असती.

पाडव्यानंतर पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. टँकर मोठा येतो, टाक्या भरतात आणि उरलेलं पाणी तसंच परत जातं, असा विषय होता.

"पाच हजार लिटरची टाकी आणू," तात्यासाहेब म्हणाले. "हजाराची काढू अन् तिच्याच जागी ठिवू. मॅडमच्या हॉलवर."

मी ताडकन उठले. "तिथं नको. तिथं खाली बीम नाही, नुसतं स्लॅबचं पोट आहे. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन होतात, तात्यासाहेब."

"व्हय. अन् टेकू पेलतो चार," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले. "ऱ्हायला एक. एका टनाला स्लॅब हायेच की."

हिशेब चोख होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, एखाद्या इंजिनियरला दाखवू. तर तात्यासाहेब म्हणाले, "तुमच्याहून मोठा इंजिनियर आता कुठून आणायचा?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "पाणी पाहिजे, पण टाकी दुसऱ्याच्या डोक्यावर पाहिजे." मी खाली बसले. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडं?

घरी आले आणि हताश होऊन पोलला पाठ टेकली. तो पाठीमागे खडखडला. वरची टाकी त्या दिवशी कोरडी होती. आणि मग, एवढ्या आठवड्यांनी, माझी मान वर गेली.

आटे सैल होत नव्हते. छत हलत होतं. टाकी भरली की स्लॅब केसभर खाली वाकायचा आणि पोलला दाबायचा. रिकामी झाली की पुन्हा वर. पोल मला हे आठवड्यागणिक सांगत होता आणि मी त्याच्यावरच डाफरत होते. हजार लिटरला वाकणारा स्लॅब पाच हजारांना काय करील? त्याच्या बरोबर खाली, पंख्याच्या वाऱ्याला, सासूबाई दुपारी चटई टाकून झोपतात. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या छतांकडं बोट दाखवत आले होते.

शंतनूला सांगितलं. तो म्हणाला, "मग खरं सांगून टाक सगळ्यांना."

"आईंना कळेल."

"कळेल."

"आपण असं सांगू या का, की टेकूची ताकद कमी झालीय, गंज चढलाय..."

"अशू," तो म्हणाला, "त्या थापेला आता आणखी एक टेकू नको."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. यंदा दोन्ही कोरडे होते, तरी मला उडी मारवेना. उद्या सांगू, परवा सांगू करता करता रविवार उजाडला आणि सकाळीच टाकी आली. दोर लावून ती बाहेरून वर ओढत होते. आमच्या खिडकीतून तिची काळी सावली हॉलभर सरकत गेली आणि मग डोक्यावर धप्पकन आवाज झाला. खाली रस्त्यावर टँकर घरघरत उभा होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी अनवाणी गच्चीवर पळाले आणि पाईप जोडणाऱ्या माणसांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"पाणी सोडू नका. तात्यासाहेब, आधी खाली या. माझ्या घरी. सारजाकाकू, तुम्हीपण या."

दोघं आले. मी पोलपाशी उभी राहिले.

"तात्यासाहेब, हा टेकू नाही."

"मंग काय हाय?"

"नाचायचा पोल आहे. मी यावर नाचते. हा स्लॅबला पेलत नाही, हाच स्लॅबच्या भरवशावर उभा आहे."

तात्यासाहेबांनी मला अदबीनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगात सुती गाऊन, कपाळावर चढवलेला चष्मा, केसांना मेंदी.

"मॅडम," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "टाकी नको असंल तर सरळ सांगा. पर असं कायबी सोताच्या अंगावर कशापायी घेता? चांगल्या घरच्या हाव तुमी."

"अहो, खरंच नाचते मी."

"नाय मॅडम. तुमी नाय नाचत."

इतके महिने जे जिवापाड लपवलं ते आता मी ओरडून सांगत होते आणि समोरचा माणूस मानायलाच तयार नव्हता. त्यानं विश्वास ठेवला नाही याचं मला काही वाटलं नाही. किती खात्रीनं ठेवला नाही, ते फार लागलं.

"दाखवते," मी म्हणाले आणि आत जाऊन हाफ पँट घालून आले.

"अगं बया!" सारजाबाईंनी मला पाहिलं आणि नवऱ्याचे खांदे धरून त्यांना शोकेसकडं वळवलं. "तुमी तिकडं तोंड करा."

"मंग मला कळायचं कसं?"

"मी हाय ना सांगायला."

शंतनूही सौजन्य म्हणून शोकेसकडं वळला. त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

जीव घाईला आला होता, तरी मी घाई केली नाही. सकाळचं हळदीकुंकू स्पिरिटनं पुसलं. गाद्या घातल्या. टाकी रिकामी होती, म्हणजे पोल सैल असणार, म्हणून आटे पिळले, ओळंबा धरला, हलवला, ओढला.

"चढली का?" तात्यासाहेबांनी शोकेसला विचारलं.

"नाय अजून. पुसती. आता खाली बसून कायतरी पिळती. आता परत पुसती. सैपाकाच्या आधी वटा पुसावा तसं चाललंय."

मग मी चढले.

"चढली! अवो, खरंच चढली की!"

"टेकू हलला का?"

"टेकू नाय हलला, ती हलती. गोल फिरती. आता एक हात सोडला! अगं, धर गं धर!"

मी धरलं, गुडघ्यामागे पोल अडकवला आणि अंग मागे टाकलं. सारजाबाईंनी किंचाळून सगळ्या इमारतीला सांगितलं की उलटी झाली, डोकं खाली अन् पाय वर. आणि त्याच वेळी उघड्या दारातून सासूबाई आत आल्या, हातात प्रसादाची वाटी घेऊन.

त्यांना हे कसं कळेल याची मी किती तरी चित्रं मनात रंगवली होती. त्यातल्या एकाही चित्रात मी उलटी नव्हते.

"आई," मी तशीच लटकत म्हणाले, "हा टेकू नाही."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. वाटी टेबलावर ठेवली आणि देवघरात निघून गेल्या.

"म्हंजी वर आधार नाय?" शोकेसकडून आवाज आला.

"कसला आधार!" सारजाबाई म्हणाल्या. "हिचा भार पेलतोय तेवढं फार झालं."

तात्यासाहेबांच्या डोक्यात तो हिशेब पुन्हा झाला असावा. या खेपेला चार वजा झाले नाहीत. साठीचा तो माणूस जिन्यावरून धावत सुटला. "पाणी सोडू नका रे! टाकी काढा तिथून!" असं ओरडत तो गच्चीवर गेला ते आम्ही खालून ऐकलं. दुपारपर्यंत मोठी टाकी खाली पार्किंगमध्ये आली आणि छोटी लिफ्टच्या खोलीपाशी, जिथं खाली कॉलम आहेत तिथं गेली. ही गोष्ट तात्यासाहेबांनी कुणालाही सांगितली नाही. सारजाबाईंनी सांगायला कुणी ठेवलं नाही.

संध्याकाळी शंतनू पोलच्या तळाशी बसून ती कळ न्याहाळत होता.

"ही सोडली की हा फिरतो ना?"

"हो. स्वतःभोवती."

"मग नुसता एका बोटानं फिरवून दाखवला असतास तरी पुरलं असतं. फिरणारा टेकू कुणी बघितलाय?"

त्याचं बरोबर होतं. कामावर कुणी असा नसता धोका पत्करला असता तर मी त्याला दिवसभर बाजूला उभं केलं असतं. पण खरं सांगायचं तर मला चढायचंच होतं. बंद पडद्याआड एवढ्या कष्टानं जे जमवलं, ते एकदा कुणीतरी बघावं असं फार वाटत होतं. सारजाबाईंसारखा प्रेक्षक मिळाला. तक्रार नाही.

तक्रार असेल तर सासूबाईंची होती आणि त्या बोलत नव्हत्या. दुपारी नाही, जेवताना नाही. "भात वाढ" एवढंसुद्धा त्या शंतनूला म्हणाल्या. मला हाफ पँटची लाज उरली नव्हती. लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या हातांनी त्या रोज घरासाठी काही मागत होत्या, त्यांच्या बोटांचे ठसे मी रोज स्पिरिटनं पुसत होते. सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी पाना घेतला आणि पोल काढायला खाली बसले.

सासूबाई देवपूजा आटोपून आल्या. हातात नेहमीचा करंडा.

"काय करतेस?"

"काढतेय, आई."

"का? सैल झालाय?"

"नाही. आता घट्ट आहे."

"मग राहू दे की." त्यांनी करंडा दुसऱ्या हातात घेतला. "रोज पुसत होतीस ती तूच ना?"

"हो. तेलानं हात सुटतो."

"अगं मग सांगायचं नाही का?" त्यांचा आवाज एकदम चढला. "मी कशाला तेल घातलं असतं? टेकू काय, नाच काय, ते राहू दे बाजूला. पडली असतीस म्हणजे? माझ्या हातानं तेल लावून मीच तुला पाडत होते रोज. आणि त्या आशाबाईला उगंच बोलले, तिला आता काय तोंड दाखवू?"

मी पाना खाली ठेवला. गुडघ्यांवर हात ठेवत त्या हळूहळू माझ्या शेजारी फरशीवर बसल्या.

"तुझा हात कुठवर लागतो ते दाखव. आणि पाय?"

मी दाखवलं. सगळीकडंच लागत होते. फक्त अगदी तळाला, फरशीला टेकलेल्या चकतीला काही लागत नव्हतं. सासूबाईंनी कोरडी हळद आणि कोरडं कुंकू चिमटीत घेऊन त्या चकतीवर वाहिलं, एक कणही वर उडू न देता. मग हात जोडले. रोजचंच म्हणतील असं मला वाटलं.

"घर काय, उभंच आहे," त्या पोलला म्हणाल्या. "हिला तेवढं सांभाळ."

उठण्यासाठी त्यांनी पोलला हात घातला. "थांबा, आई," मी म्हणाले आणि आधी तो दोन्ही हातांनी हलवून बघितला.